नावाखालचं नॅरेशन



३० नोव्हेंबर जवळ आला. मुलं शाळेतून सालेम सुहैल बिन खमीसची गोष्ट ऐकून येतील. १९७१ साली याच तारखेला, यूएईच्या स्थापनेच्या दोनच दिवस आधी, ग्रेटर तुंब बेटावर रास अल खैमाचा हा तरुण पोलीस मारला गेला. इराणी सैनिकांसमोर त्यानं झेंडा उतरवायला नकार दिला. इथला शहिदांचा स्मृतिदिन त्याच्या तारखेला पाळतात.

मी सीए आहे, दिवसभर एन्ट्र्या बघते. जर्नल एन्ट्रीत खात्याचं नाव आणि रक्कम असते, खाली एक ओळ नॅरेशनची. ती नसली तरी हिशेब जुळतो. पण पाच वर्षांनी ही एन्ट्री कशाची, ते कुणालाच सांगता येत नाही.

स्मारकांचंही तसंच. अबू धाबीत शेख झायेद मशिदीसमोर वाहत अल करामा आहे. एकमेकींवर रेललेल्या ३१ भल्यामोठ्या पाट्या, आणि शेजारच्या दालनात शहिदांची नावं. आपल्याकडे साताऱ्याजवळचं अपशिंगे घ्या. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. आकडा आपल्याला पाठ आहे, पण त्या ४६ पैकी एकाचीतरी गोष्ट येते का?

माझे थोरले मामा १९७१ च्याच डिसेंबरात, युद्धात गेले. मी त्यांना पाहिलेलं नाही. आमच्यासाठी ते म्हणजे हार घातलेला एक फोटो. गेल्या थंडीत आई इथे आली होती, तेव्हा लेकीनं सहज विचारलं, "आजी, मामाआजोबांना काय आवडायचं गं?"

आई दीड तास बोलत होती. पहिल्या पगाराची मनिऑर्डर आली तेव्हा आजीनं पोस्टमनला बसवून पुरणपोळी वाढली. सुट्टीवर आले की मामा आधी बहिणीच्या शाळेची फी भरायचे, मग मित्रांकडे जायचे. विहिरीत उडी मारायला घाबरणारा हा मुलगा फौजेत जाऊन पोहायला शिकला. यातलं मलाही काही माहीत नव्हतं. लेकीनं सगळं फोनवर रेकॉर्ड केलं.

आई आता सत्तरीला आली. त्यांच्याबरोबर वाढलेलं दुसरं कुणी उरलेलं नाही. तो दीड तास झाला नसता तर फोटो राहिला असता, माणूस गेला असता.

म्हणून सांगावंसं वाटतं. तुमचेही आई-बाबा थंडीत व्हिजिट व्हिसावर येतात. घरात, भावकीत, गावात कुणी फौजेत गेलेलं असेल, परत न आलेलं असेल, तर विचारा. "कसे गेले" हे कागदावर असतंच. "कसे होते" ते विचारा. काय खायचे, कुणाशी भांडायचे, पत्रात काय लिहायचे. मुलांनाच विचारू द्या. आपल्याला जे सांगत नाहीत ते नातवंडांना सांगतात. आणि मराठीतच रेकॉर्ड करा, आवाजासकट.

३० तारखेला सकाळी साडेअकराला इथे एक मिनिट सगळे स्तब्ध उभे राहतात. त्या मिनिटात आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे एखादा चेहरा यावा, एवढीच इच्छा.