एका विमानात चार तिकिटं

सोमवारची सकाळ. मशीनची कॉफी, समोर उघडलेलं एक्सेल आणि बाजूच्या टॅबमध्ये नागपूर-पुणे विमानाचं भाडं. तिकिटं तर मी अकरा दिवसांपूर्वीच काढली होती. दोन. आईचं आणि बाबांचं. माणशी 6,240 रुपये. मग आता काय बघत होते? तेच, जे तुम्हीही बघता. आपण घेतल्यावर स्वस्त झालं का!

झालं होतं. 4,390.

तीच तारीख, तेच विमान, तीच सकाळची वेळ. दोघांचे मिळून 3,700 रुपये गेले. पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते कळलं. बॉसचा मेल येऊन पडला होता, पण मी तिकीट रद्द करायचं बटण शोधत बसले.

गेल्या दिवाळीची ही गोष्ट. एरवी मी दोन शिव्या घालून विसरून गेले असते. पण ही तिकिटं साधी नव्हती. आईचे गुडघे दुखतात, रात्रभराचा प्रवास तिला झेपत नाही. म्हणून दोघं पहिल्यांदाच विमानाने येणार होते. आणि पैसे बाबांनी दिले होते. मुलीच्या पैशाने फिरायचं नाही, हा त्यांचा जुना हट्ट. नुकतंच शिकलेल्या यूपीआयवरून त्यांनी 12,480 रुपये पाठवले. एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही.

बाबा एसटीत कंडक्टर होते. एकतीस वर्षं. लहानपणी त्यांचा तिकिटांचा ट्रे आणि पंच करायचा चिमटा हीच माझी खेळणी. एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. टप्पे मोजा, पैसे द्या. सवलती असतात, पण त्या सगळ्यांना माहीत असतात. आता 2023 पासून आईला अर्धं तिकीट लागतं, तेही सरकारने जाहीर केलं म्हणून. दिवाळीत हंगामी भाडेवाढ झाली, तरी ती अख्ख्या बसला. शेजारच्या सीटवरच्या माणसाने आपल्यापेक्षा कमी का दिले, हा प्रश्न बाबांच्या गाडीत कोणी विचारला तर त्याचं उत्तर असायचं. आणि उत्तर नसेल, तर कंडक्टरची नोकरी धोक्यात!

अशा माणसाला मी काय सांगणार होते?

आधी वाटलं, रद्द करून नवीन काढू. हिशोब मांडला. रद्द करायचे माणशी साडेतीन हजार कापणार. वर नवीन तिकीट 4,390 चं. म्हणजे 6,240 च्या जागी 7,890 पडणार. वाचवायच्या नादात माणशी 1,650 आणखी घालवायचे. तारीख बदलायचा पर्याय बघितला, तर तिथेही फी वेगळी, आणि भाडं कमी असलं तर फरक परत नाही. इन्कॉग्निटो विंडोसुद्धा उघडून बघितली. भाव तोच, फक्त स्क्रीन काळी.

मग मला एक आयडिया सुचली. माझ्याच खात्यातून बाबांना 3,700 पाठवायचे आणि सांगायचं, कंपनीने परत दिले. कुणाचं काय जातंय? पाठवलेही. दहा मिनिटांत फोन.

"कसले पैसे पाठवून राहिली?"

"बाबा, भाडं कमी झालं ना, तर त्यांनी रिफंड दिला."

"बरं. त्याची पावती पाठव."

एकतीस वर्षं चेकरला तोंड दिलेल्या माणसाला आपण गंडवू, असं मला का वाटलं असेल? मी गप्प. तेही गप्प. मग त्यांनीच सांगितलं, शेजारच्या काकांच्या मुलाने त्याच विमानाचं तिकीट आदल्या दिवशी 4,390 ला काढलं होतं. बाबांना सगळं आधीच माहीत होतं.

"आपल्यालाच काहून महाग पडलं? तुला कोणी फसवलं तर नाही?"

आता हे लागलं. पैशांचं दुःख एकीकडे. पण आपण शिकलेसवरलेले, दिवसभर आकड्यांत खेळणारे, आणि बापाला वाटतंय की आपल्याला कुणीतरी टोपी घातली! संध्याकाळी ऑफिसातून निघाल्यावर मी त्यांना फोन लावला आणि विमानाच्या तिकिटाचा सगळा फंडा समजावून सांगायला बसले.

गंमत म्हणजे आपल्याकडे हे प्रकरण तसं नवीनच. अमेरिकेत 1978 मध्ये भाड्यांवरचा सरकारी ताबा उठवायचा कायदा झाला. पुढे 1985 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने स्वस्त प्रतिस्पर्ध्याला टक्कर द्यायला नवी युक्ती काढली. सगळंच विमान स्वस्त करायचं नाही. मोजक्या सीट स्वस्तात द्यायच्या, त्याही आधी बुकिंग करणाऱ्यांना. बाकीच्या घाईत येणाऱ्यांसाठी राखायच्या. भारतात 2003 मध्ये एअर डेक्कन आली, एक रुपयाच्या तिकिटाच्या जाहिराती झळकल्या आणि तोच खेळ आपल्याला कळायला लागला. मधे कोरोनात, मे 2020 ते ऑगस्ट 2022, सरकारने देशातल्या भाड्यांना मर्यादा घातल्या होत्या. त्या उठल्या आणि खेळ पुन्हा सुरू.

"विमानात समजा 180 सीट आहेत," मी बाबांना म्हटलं. "दिसायला सारख्या, पण कंपनी त्यांचे भावाप्रमाणे गट पाडते. स्वस्त गट संपला की पुढचा उघडतो. अमुक दिवस आधी अमुक सीट जायला हव्यात, असा अंदाज कॉम्प्युटरमध्ये असतो. तेवढ्या गेल्या नाहीत, तर बंद केलेला स्वस्त गट पुन्हा उघडतात. एखाद्या ग्रुपने बुकिंग रद्द केलं, दुसऱ्या कंपनीने भाव पाडला, तरी तेच."

"मंग आपल्या वेळी काय झालं?"

इथे मला माझी चूक कळली. दिवाळी म्हटल्यावर मी घाबरून तिकिटं काढली होती. पण दिवाळीला पुण्यातले नोकरदार नागपूरला जातात. गर्दी तिकडे. आई-बाबा उलट्या दिशेने येणार होते. त्या विमानाच्या सीट बहुतेक अंदाजाप्रमाणे गेल्याच नसाव्यात. मी घाबरलेली गिऱ्हाईक होते आणि भाव घाबरलेल्यांसाठीच लावलेला होता.

"म्हणजे मंडई," बाबा म्हणाले. "संध्याकाळी कोथिंबीर स्वस्त."

"नाही ना, बाबा! इथे बहुतेक वेळा उलटं असतं. संध्याकाळी कोथिंबीर महाग. कारण तेव्हा येणाऱ्याच्या घरी पाहुणे बसलेले असतात."

हे बोलता बोलता माझ्याच डोक्यात प्रकाश पडला. अकरा दिवस मी जो आकडा बघत होते, तो आमच्या तिकिटांचा भावच नव्हता. तो उरलेल्या सीटचा भाव होता. आमच्या दोन सीट उरलेल्या नव्हत्याच. त्या आईच्या नावावर, खिडकीशी, सकाळच्या वेळेला, बाबांच्या सीटला लागून पक्क्या झाल्या होत्या. मी थांबले असते तर 4,390 ला मिळाल्या असत्या, हे मला आज दिसतं. त्या दिवशी दिसत नव्हतं. भाव वर गेला असता, तर मी हेच पान उघडून स्वतःची पाठ थोपटली असती. भाव वर जातो तेव्हा आपण हुशार, खाली येतो तेव्हा मूर्ख. आपण मात्र दोन्ही वेळा तेच केलेलं असतं.

बाबांना पटलं का? अर्धं. "ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण मंग कोणत्या भावाच्या किती सीट आहेत, ते पाटीवर लिहा म्हणावं." त्यांच्या या मुद्द्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. आणि 3,700 त्यांनी त्याच रात्री मला परत पाठवले.

तेव्हापासून मी एवढंच करते. पैसे भरायच्या आधी रद्द करायचे किती कापतात, ते वाचते. तिकीट काढल्यावर सुरुवातीच्या तासांत फुकट रद्द करता येतं का आणि कोणत्या अटींवर, तेही बघते. भाव पुन्हा बघायचाच असेल, तर त्या मुदतीतच. आणि प्रवास झालाच नाही, तर सरकारी कर आणि विमानतळाचे आकार मागून घेते. तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी ते परत द्यावे लागतात, असा डीजीसीएचा 2016 पासूनचा नियम आहे. एकदा मुदत संपली, की टॅब बंद, अॅलर्ट बंद. लग्न ठरल्यावर कोणी मॅट्रिमोनी साइट चाळत बसतं का?

दिवाळीच्या दोन दिवस आधी मी लोहगावला त्यांना घ्यायला गेले. आई खूश. ढग खाली दिसले, हे तिने मला तीनदा सांगितलं. बाबांनी गाडीत बसल्याबसल्या खिशातून बोर्डिंग पास काढला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात आकडे लिहिले होते. अगदी वे-बिल भरतात तसे.

"सगळ्यांना विचारलं मी," ते म्हणाले. "शेजारचा पोरगा, 4,390. पलीकडची बाई, 3,980. आपलं, 6,240. आणि आमच्या रांगेतला कडेचा माणूस, 9,700. एका गाडीत चार तिकिटं! चेकर चढला असता, तर मला जागेवर सस्पेंड केलं असतं."

मी जाम हसले. आईसुद्धा.

"त्याचं एवढं कसं?" मी विचारलं.

"रात्री अकरा वाजता काढलं त्याने. भावाचं ऑपरेशन आहे इथं." बाबांनी पास घडी करून खिशात ठेवला. "त्याने मला विचारलं, तुमचं कितीचं? मी म्हटलं, पोरीने काढलं, मला काही माहीत नाही."