सतरंजीवरची बैठक

वसतिगृहात सायंकाळच्या वंदनेनंतर आम्ही मुले सतरंजीवर गोल करून बसत असू. अधीक्षक सर प्रत्येकाला एकच विचारीत, "आज काय झाले?" सर बोलत कमी, ऐकत अधिक. त्या ऐकण्याचे मोल मला फार उशिरा, एका चुकीतून कळले.

माझ्या धाकट्या बहिणीला सिकलसेल आहे. विदर्भात आपल्या समाजातील अनेक घरांना हा आजार अपरिचित नाही. तांबडी रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि हाडाहाडांत कळा उठतात. रुग्णालयाच्या रांगेत ओळखी झालेल्या कुटुंबांना घेऊन आम्ही गावात मासिक बैठक सुरू केली.

पहिल्या बैठकीत खुर्च्यांच्या रांगा, हारतुरे, प्रास्ताविक आणि दीड तासाचे व्याख्यान असे सारे यथासांग पार पडले. शेवटी मागच्या रांगेतील एक माउली उठली. "मले पुन्हा दिवस गेले हायेत, तिसरा लागला. थोरल्याले हाच आजार हाये, म्हनून इचारत होती..." मी घड्याळ पाहिले. "ताई, पुढच्या वेळी बोलू."

पुढच्या वेळी ती आली नाही. आली ती इनमीन चार माणसे.

आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. गर्भाची तपासणी करता येते. पण ती गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच करावी लागते. हे सांगायला दोन मिनिटे पुरली असती. लाजेपोटी मी भेट टाळत राहिलो. तिच्या घरी पोहोचलो तेव्हा सातवा महिना लागला होता. मी माफी मागितली. ती एवढेच म्हणाली, "तवा सांगतलं असतं तं बरं झालं असतं, भाऊ."

त्यानंतर आम्ही खुर्च्या काढून सतरंजी अंथरली. बैठक बाजाराच्या दिवशी ठेवायची नाही आणि दीड तासाहून अधिक लांबवायची नाही, असे ठरवले. आधी चहा, मग प्रत्येकाला एक प्रश्न: "या महिन्यात कळ केव्हा आली आणि तेव्हा काय केले?" कुणी थंड पाण्यात पोहल्याचे सांगते, कुणी उन्हात पाणी न पिता राबल्याचे. अंगात ताप असेल तर घरी थांबायचे नाही, हे पालक एकमेकांकडूनच शिकले. डॉक्टर शेवटची वीस मिनिटे बोलतात, तेही विचारलेल्या प्रश्नांवरच. नियम दोनच. इथले बोलणे बाहेर न्यायचे नाही. लग्नाच्या वयाच्या मुलींसाठी हे फार मोलाचे आहे. आणि दुसऱ्याचे ऐकून हायड्रॉक्सीयुरियाची मात्रा बदलायची नाही. उठण्यापूर्वी पुढची तारीख ठरते. जो आला नाही त्याच्या घरी त्याच आठवड्यात कुणीतरी जाऊन येते.

त्या ताईंचे दुसरे बाळ वाहक निघाले, रुग्ण नव्हे. त्याचे श्रेय आम्हाला मुळीच नाही. तो निव्वळ योगायोग. आज गैरहजर कुटुंबांकडे जाण्याचे काम त्याच करतात. बैठक संपताना मी घड्याळ पाहिले की त्या हसून म्हणतात, "भाऊ, मांगच्या कोन्याले इचारलं का?"

मी मागे वळून पाहतो. बहुधा तिथे कुणीतरी बोलायचे राहिलेले असते.