इंजिन न उतरवता

जुन्या गाड्या भंगारात काढा म्हणणाऱ्यांसाठी आमच्या डिझेल जीपची गोष्ट सांगतो.

इंजिन गरम झालं की ऑइल प्रेशर पडायचं. शहरातल्या एका वर्कशॉपने सरळ सांगितलं, "इंजिन बदला, नाहीतर गाडी काढून टाका." गावातल्या मिस्त्रींनी चेंबर खोलून क्रँकचे बेअरिंग पाहिले. ते ठीक होते. "कॅमचे बुश गेलेत साहेब. इंजिन उतरवायची गरज नाही."

रेडिएटर, टायमिंग कव्हर, पुशरॉड, टॅपेट काढून कॅमशाफ्ट समोरून ओढला. आटे पाडलेला लांब रॉड आणि लेथवर करून घेतलेल्या वॉशरनी बुश एकेक करून खेचले. मागची प्लेट काढायला गिअरबॉक्स सरकवावा लागला, तेवढं मात्र घामाचं काम. खरी मेख नवे बसवताना. बुशचं भोक ब्लॉकमधल्या ऑइलच्या भोकासमोरच यायला हवं, जरा फिरलं की तेल बंद आणि बुश पुन्हा जळणार. मिस्त्री प्रत्येक भोकात तार घालून बघत होते.

दोन दिवसांत प्रेशर जागेवर.

आता सरकारचं बघा. 2022 च्या एप्रिलमध्ये 15 वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 600 वरून 5000 रुपये झाली. त्याच वर्षी 'राइट टू रिपेअर'साठी केंद्राने समिती नेमली, त्यात मोटारीही आल्या! धूर ओकणारी गाडी रस्त्यावरून जावीच, त्यात वाद नाही. पण मग धूर मोजा ना, वय कशाला मोजता?

मिस्त्रींकडे सध्या एकच पोरगा शिकतोय. तोही मोबाईलच्या दुकानात जायचं म्हणतो.