केसलापूरची मडकी

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्याने पैनगंगा ओलांडली, की आदिलाबाद जिल्हा लागतो. हा मुलूख आज तेलंगणात मोडतो. तरी मराठी माणसास तो परका वाटत नाही. १९५६ पर्यंत आपले किनवट व राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात होते. येथील ख्रिस्ती मंडळी पूर्वी चांदा धर्मप्रांतात मोडत असे. १९९९ साली आदिलाबादचा स्वतंत्र सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला.

आदिलाबादहून उटनूरकडे निघाले, की वाटेत इंद्रवेल्ली लागते व तेथून जवळच केसलापूर आहे. सागाची झाडे, काळी जमीन, मधूनच तांबडे माळ. गाव लहानच; परंतु पौष अमावास्येच्या सुमारास येथे हजारो गोंड बांधव जमतात. मेसराम कुळाच्या नागोबाची ही जत्रा. तिची सुरुवात मात्र देवळात होत नाही, ती होते कुंभाराच्या अंगणात. कुळाची वडीलधारी मंडळी सिरिकोंडा गावी जाऊन पूजेची मडकी सांगून येतात, आणि तेथील एकाच कुंभार घराण्याने ती घडवावी असा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे. त्यानंतर मेसराम लोक अनवाणी चालत गोदावरीवर जातात, झारीतून पाणी आणतात व केसलापूरच्या वडाखाली उतरतात. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट घडवतात, तीही याच वेळी. हा धर्म आपला नव्हे. परंतु घरात आलेली सून देवापुढे व वडीलधाऱ्यांपुढे उभी करावी, ही भावना कोणत्या ख्रिस्ती कुटुंबास समजणार नाही?

हे मडके साधेच असते. गावच्या आव्यात माती सातशे-आठशे अंशांपर्यंत तापते. ती पुरती वितळत नाही, अंगात बारीक छिद्रे राहतात, आणि त्या छिद्रांतून झिरपणारे पाणी वाऱ्यावर उडून गेल्याने आतले पाणी गार होते. शहरांत हल्ली काही निवृत्त शास्त्रज्ञ हौसेने चाकावर बसतात व बाराशे अंशांच्या भट्टीत काचेसारखी तुकतुकीत भांडी काढतात. प्रयोगशाळेत जन्म घालविलेल्या माणसास उतारवयात मातीची ओढ लागावी, यात नवल नाही. केसलापूरच्या परिसराशीही एका शास्त्रज्ञाचे नाव असेच जोडलेले आहे. त्याने मडकी घडविली नाहीत, परंतु निवृत्तीनंतर तोही याच मातीकडे परतला.

क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ साली व्हिएन्ना येथे झाला. ते मानववंशशास्त्रज्ञ. दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा जर्मन पारपत्र बाळगणारे हे गृहस्थ हिंदुस्थानात होते. इंग्रज सरकारच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. सुदैवाने त्यांस तुरुंगाऐवजी निजामाच्या राज्यात राहण्याची मुभा मिळाली. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम व त्याचे सोबती पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले. गोंड का उठले, हे समजून घेण्याची गरज सरकारला आता भासू लागली. हायमेनडॉर्फ पत्नी बेटीसह मारलवाई या गोंड वस्तीत राहिले आणि कारण शोधू लागले. ते सरळ होते. जंगल राखीव झाले, जमिनी बाहेरून आलेल्या लोकांच्या नावे चढल्या, आणि कसणारा आपल्याच शेतावर मजूर झाला. बाहेरून आलेल्या त्या लोकांत आपल्या बाजूचे मराठी शेतकरीही होते, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

पुढे राज्याचे सल्लागार म्हणून त्यांनी गोंडांस जमिनीचे पट्टे मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. एक लाख एकरांहून अधिक जमीन त्या वर्षांत वाटली गेली. १९४३ साली मारलवाईस गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. तेथील गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली, म्हणजे आपली मुले जी अक्षरे गिरवतात तीच. नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी येऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकावीत, हा दरबाराचा प्रघातही त्यांच्याच सूचनेने त्या दशकात पडला.

मग ते लंडनला गेले, प्राध्यापक झाले, आणि १९७६ साली निवृत्त झाले. सदुसष्ट वर्षांच्या विद्वानाने घरी बसून जुनी टिपणे चाळली असती, तर त्यास कोणी नावे ठेवली नसती. हायमेनडॉर्फ मात्र पुन्हा आदिलाबादेस आले व पुढील काही वर्षे येत राहिले. यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरी गेला असता चाकावरचे भांडे त्याच्या देखत बिघडले, ती गोष्ट वाचकांस ठाऊक आहेच. येथेही तसेच दृश्य होते. दिलेल्या जमिनी पुष्कळ ठिकाणी पुन्हा गोंडांच्या हातून गेल्या होत्या. आदिवासी क्षेत्रातील जमीन इतरांस देता येणार नाही, असा कडक नियम १९७० सालीच झाला होता. पण कागद एकीकडे व नांगर दुसरीकडे. हायमेनडॉर्फ यांनी नरमाईची भाषा न वापरता हे लिहिले. त्यांचे एक पुस्तक १९७९ साली व दुसरे १९८२ साली निघाले. या दोहोंच्या मध्ये, २० एप्रिल १९८१ रोजी, इंद्रवेल्लीस जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा आहे. लोक त्याहून पुष्कळ अधिक सांगतात. तेथे आज स्मारकाचा स्तंभ आहे, आणि केसलापूरची वाट तेथूनच जाते.

बेटी १९८७ साली हैदराबादेस वारल्या. त्यांस मारलवाईत मातीआड करण्यात आले. हायमेनडॉर्फ १९९५ साली लंडनमध्ये निवर्तले. त्यांची रक्षाही पुढे मारलवाईस आणून पत्नीच्या शेजारी ठेवण्यात आली. गावकरी दरवर्षी तेथे जमून दोघांचे स्मरण करतात. नागोबाच्या जत्रेतील दरबार अद्यापि भरतो, अधिकारी येतात, आणि लोक हातात अर्ज घेऊन रांगेत उभे राहतात. त्यांतले बरेच अर्ज आजही जमिनीचेच असतात.