शाळेची मराठी

महामारीने शाळांचे किती नुकसान केले, याचा हिशेब आपल्याकडे प्रामुख्याने अभ्यासक्रमाच्या परिभाषेत मांडला गेला. किती धडे राहिले, किती परीक्षा झाल्या नाहीत, इत्यादी. महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या आम्हांला या हिशेबात भाषेचा रकाना कोरा राहिल्यासारखा वाटतो.

बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला हे विशेष जाणवते. संग्रामपूर तालुक्यातील सोनाळा हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. पलीकडे अंबाबरवा अभयारण्याचे डोंगर. गावात वऱ्हाडी बोलली जाते, डोंगराकडच्या वस्त्यांत कोरकू. शेजारच्या जळगाव जामोद परिसरात निहाली आहे. तिचे नाते कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी निश्चितपणे जुळलेले नाही. पाठ्यपुस्तकातली मराठी या मुलांना भेटते ती शाळेत. वऱ्हाडी मुलाला ती निदान ओळखीची वाटते. कोरकू मुलाला मात्र ती गुरुजींच्या तोंडून ऐकतच आपलीशी करावी लागते.

मार्च २०२० मध्ये हे ऐकणे थांबले. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा झाली खरी. परंतु त्यासाठी घरात स्मार्टफोन हवा आणि डोंगरात रेंज हवी. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले आणि जानेवारीत पुन्हा बंद झाले. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात प्रथम बसले, तेव्हा ते दुसरीत होते.

पुढे सावरणे झाले, असे आकडे सांगतात. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ आणि २०२४ मध्ये २७.१. खड्डा भरला, असे म्हणावेसे वाटते. पण २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुले शाळेत आली ती २०२२ मध्ये, महामारी ओसरल्यावर. खड्ड्यात पडलेली मुले तोवर पाचवीत पोचली होती. सरासरी सावरली, ती मुले सावरली का, हा प्रश्न उरतोच.

राज्याने जुलै २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आखला. त्याच महिन्यात सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचा भर तिसरीपर्यंतच्या पायावर आहे. दोन्हींचे मोल आहेच. तथापि दीड वर्ष न ऐकलेली भाषा कृतिपत्रिकेतून परत येत नाही. तिला वेळ लागतो आणि माणूस लागतो. मोठ्या वर्गांतही रोज अर्धा तास प्रकट वाचन व्हावे; त्यासाठी मुलांचे गट इयत्तेनुसार न करता वाचता येण्याच्या पातळीनुसार करावेत. घरची गोष्ट मुलाने आधी कोरकूत सांगावी, मग सर्वांनी मिळून ती मराठीत मांडावी. याला मोठा निधी लागत नाही. शिक्षकाला सलग वेळ मात्र मिळायला हवा.

२०२० मध्ये पहिलीत दाखल झालेले ते मूल सर्व इयत्ता ओलांडत आले, तर २०३२ मध्ये पदवीच्या पहिल्या वर्षात आमच्यासमोर बसेल. कादंबरीचे पान त्याला स्वतःहून उलटावेसे वाटेल की नाही, हे आज उच्च प्राथमिक वर्गांत त्याच्याशी कोण किती बोलते, त्याच्यासोबत कोण किती वाचते, यावर ठरते आहे.