घरची हळद, दुकानचं पाकीट



काल वरणात हळद टाकता टाकता आई म्हणाली, "घरी हळद पिकते, मंग हे पाकीट कायले आणतं रे?" उत्तर नव्हतं.

वायगाव हळद आपल्या समुद्रपूर तालुक्याची. २०१६ मध्ये जीआय मिळालं. तीन वर्षांपासून मी ती बिना रासायनिक पिकवून राहिलो. शेणखत, जीवामृत, निंदणाचा खर्च वेगळाच. पाच किलो ओली हळद शिजवून वाळवली की जेमतेम किलोभर उरते. मागच्या साली पैशाची नड होती, सगळी विकली.

गिऱ्हाइकाला मी म्हणतो, "मेहनतीचा रास्त भाव द्या." अन् गावातल्या घाणीचं जवसाचं तेल महाग म्हणून मीच सोडून येतो! १९३४ मध्ये गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला तो आपल्या वर्ध्यातच. गावात बनलेलं आधी गावानं वापरावं, एवढी साधी गोष्ट.

यंदा दहा किलो हळकुंडं घरासाठी ठेवली, चक्कीवर दळून आणली. तेलही घाणीचंच, घासाघीस न करता. खर्च वाढला हे खरं. वहीत लिहून ठेवतो आहे. दिवाळीनंतर आकडा इथंच सांगतो.

तुमच्या घरी तुमच्या शेतातलं काय काय शिजतं?