करीच्या दिवशी गड्ड्यावर

सोलापूरच्या माणसाला जानेवारीत गाठावे आणि "काय, यंदा गड्डा कसा?" एवढेच विचारावे. पुढचा अर्धा तास आपल्याला बोलावे लागत नाही. पुण्या-मुंबईच्या मंडळींना सोलापूर म्हटले की चादर आठवते, फार तर शेंगाचटणी आणि कडक भाकरी. पण सोलापूरकराचे वर्ष मोजायचे ते एका गड्ड्यापासून दुसऱ्या गड्ड्यापर्यंत. गड्डा म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा, आणि त्या निमित्ताने होम मैदानावर पसरणारा पाळण्यांचा, खेळण्यांचा, भज्यांचा, धुळीचा आणि कर्ण्यांचा सारा संसार. जवळच भुईकोट किल्ला, त्याच्या पायाशी तळे, तळ्यात देऊळ. नोकरीमुळे मी पुण्याला बिऱ्हाड केले त्याला वीस वर्षे होत आली, तरी संक्रांतीची रजा मी शक्यतो चुकवत नाही.

जानेवारी २०२३ चा गड्डा मात्र विशेष होता. कोरोनामुळे २०२१ आणि २०२२ अशी दोन वर्षे यात्रेचे विधी मोजक्या मानकऱ्यांनी उरकले होते आणि मैदान सुने पडले होते. त्यामुळे त्या वर्षी सारे गाव उपाशी माणूस पंगतीला बसावा तसे मैदानावर उतरले. आमच्या घरात त्याहून मोठी बातमी होती. दाजी गड्ड्याला घरी येणार होते.

आमचे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, ट्रकवर असतात. कोणी बँकेत असतो, कोणी शाळेत असतो, तसे दाजी ट्रकवर असतात. आणि खरे सांगायचे तर राहतातही तिथेच. त्यांचे आणि गड्ड्याचे जमत नाही याला कारण कांदा. डिसेंबर-जानेवारी हा सोलापूरच्या कांद्याचा भर. हैदराबाद रस्त्यावरच्या मार्केट यार्डात त्या दिवसांत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते. बाजार समितीचे नावही श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समिती. म्हणजे एकाच देवाच्या नावाने गावाच्या एका अंगाला यात्रा आणि दुसऱ्या अंगाला कांदा, तेही एकाच महिन्यात! खरिपाचा लाल कांदा उन्हाळी कांद्यासारखा चाळीत टिकत नाही. भरला की निघायचे. हैदराबाद तीनशे किलोमीटर, बंगळूर सहाशेच्या घरात, चेन्नई त्याहूनही लांब. सारे गाव गड्ड्यावर असते तेव्हा दाजी कुठल्या तरी टोलनाक्यावर असतात. थोरली तेव्हा नऊ वर्षांची होती. ती म्हणे लहानपणी एकदा बापाच्या खांद्यावरून गड्डा पाहून आली आहे. पण ते तिला आईने सांगितलेले, तिचे स्वतःचे नव्हे. धाकटा चार वर्षांचा. त्याच्या हिशेबी पप्पा हे फोनमध्ये असतात.

अक्काच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक कॅलेंडर आहे. दूधवाल्याच्या खाड्यांसाठी म्हणून घेतलेले. पण त्यावर दाजी निघाले की फुली आणि परतले की गोल. भोगीच्या दिवशी आम्ही सारे अक्षता सोहळ्याला गेलो होतो. ज्यांना ही कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवयोगी, बसवेश्वरांच्या काळातले. त्यांची कन्नड वचने प्रसिद्ध आहेत, आणि गावाने देवळाभोवतीचे तळे त्यांच्याच नावावर मांडले आहे. एका कुंभाराच्या मुलीने त्यांच्याशीच लग्न करीन असा हट्ट धरला. हे विरागी. त्यांनी सांगितले, माझ्या योगदंडाशी लग्न लाव. ते लग्न दरवर्षी लागते. घरांच्या माळवदांहून उंच असे सात नंदिध्वज, ते पेलणारे पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, निरनिराळ्या समाजांना वाटून दिलेला मान, आणि संमती कट्ट्यापाशी एका क्षणी हजारो हातांनी उधळलेल्या अक्षता. दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, होम मैदानावर होम होतो आणि ती कुंभारकन्या अग्नीत जाते. किंक्रांतीला शोभेचे दारूकाम. मी वर्गात ही कथा सांगताना योगाबद्दल, वैराग्याबद्दल बरेच काही बोलतो. अक्का अक्षता टाकून झाल्यावर हात झटकत म्हणाली, "कुंभाराच्या पोरीला निदान दंड तरी मिळाला रे. मला कॅलेंडर मिळालंय."

दाजी आले ते किंक्रांतीच्या पहाटे, चेन्नईहून. कांदा भरणारी हमाल मंडळीही यात्रेतलीच. त्यामुळे गाडी त्या रात्रीपर्यंत रिकामी उभी राहणार होती. एक दिवस मिळाला तो असा. आंघोळ करून, तिळाची वडी तोंडात टाकून ते माजघरात आडवे झाले आणि वडी गिळण्याच्या आत घोरू लागले. धाकटा दारातून डोकावून आला आणि मला हळूच विचारू लागला, "मामा, ते उठले का?"

'ते' हा शब्द मी मराठीचा मास्तर असून इतक्या वेळा शिकवला आहे. त्या दिवशी तो जरा बोचला. अक्काने ऐकले की नाही कोण जाणे. ती भाकऱ्या थापत होती, थाप जरा मोठी वाजली एवढेच.

आता किंक्रांत म्हणजे करीचा दिवस. करीला शुभकार्य करू नये, प्रवासाला तर मुळीच निघू नये, असे आमच्या घरचे शास्त्र. आणि गाडी निघायची त्याच रात्री. यावर अक्काने बऱ्याच वर्षांपूर्वी तोड काढून ठेवली आहे. रात्रीचे बारा वाजेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही; बारा वाजले की तारीख बदलली, करी संपली. पंचांगाप्रमाणे दिवस सूर्योदयाला बदलतो हे मी एकदा तिच्या निदर्शनास आणले होते. "तुझ्या पंचांगाला कांदा भरायचा नसतो," ती म्हणाली. मी पुन्हा तो विषय काढलेला नाही.

चार वाजता आम्ही निघालो. मैदानावर पाऊल टाकताच ती ओळखीची धूळ नाकात गेली. भज्यांच्या कढया, शेव-चिवड्याचे ढीग, प्लास्टिकच्या बांगड्या, बोलक्या बाहुल्या, "या या या" म्हणून कर्ण्यातून घसा फोडणारे दोन शेजारी दुकानदार. मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदी या चारही भाषांत एकाच वेळी घासाघीस चाललेली. सोलापूरकराला यात नवल वाटत नाही. त्याची शिवी सुरू होते एका भाषेत आणि संपते दुसऱ्या. अक्का पोळपाटाच्या दुकानाशी थांबली ती पंधरा मिनिटे हलेना. दाजी मात्र घासाघीस करीत नाहीत. दुकानदाराने सांगितले ते देतात. "त्योबी गाडी भरून आलाय की," म्हणतात.

धाकट्याने माझे बोट धरले होते. दाजींनी दोनदा हात पुढे केला. दोन्ही वेळा त्याने माझे बोट अधिक घट्ट धरले. दाजी काही बोलले नाहीत. त्यांनी तो हात खिशात घातला.

मोठ्या पाळण्यापाशी आल्यावर ते एकदम थबकले आणि वर पाहून म्हणाले, "ह्यो पाळणा मी आणलाय."

थोरलीला ते खरे वाटेना. पण खरे होते. मागे एका कार्तिकी यात्रेनंतर पंढरपुराहून हाच पाळणा, म्हणजे त्याचे खांब, आरे आणि डबे, त्यांनी दोन खेपांत वाहिला होता. पाळण्याच्या माणसाने त्यांना ओळखले, पाठीवर थाप मारली, चहा मागवला. मग त्या दोघांचे जे बोलणे सुरू झाले ते ऐकत मी उभा राहिलो. कुठल्या यात्रेला जागा किती महाग झाली, कुठला घाट खराब आहे, कुठे रात्री गाडी लावू नये. माझ्या लक्षात आले, की आपण वर्षभर जिची वाट पाहतो ती यात्रा या माणसांच्या लेखी एक मुक्काम आहे. इथले आटोपले की खांब उतरवायचे, ट्रकमध्ये घालायचे आणि पुढच्या गावच्या देवाकडे जायचे. त्या माणसाची बायको पाळण्यामागच्या राहुटीत भात शिजवीत होती. तिचा मुलगा पाळण्याकडे ढुंकूनही पाहत नव्हता. तो मोबाइलवर खेळत होता.

पोरांना फुकट बसवतो, असे तो म्हणाला. थोरली आणि अक्का बसल्या. दाजी बसले नाहीत. "मला जरा न हलणाऱ्या जमिनीवर उभं राहू द्या," म्हणाले.

पण मौत का कुआँ पाहायचा त्यांचा हट्ट होता. लाकडी फळ्यांची ती विहीर, तिच्या कडेने फिरणाऱ्या मोटारसायकली आणि एक जुनी मारुती. वरच्या कठड्याला लोकांची दाटी. धाकट्याला काही दिसेना. तो उड्या मारू लागला, माझ्या खांद्यावर चढायला पाहू लागला. पण माझी कंबर पुस्तकांच्या पलीकडे काही उचलत नाही. खालून गाड्यांचा आवाज वाढला, फळ्या थरथरू लागल्या, आणि त्याला राहवेना. तो वळला आणि दाजींकडे दोन्ही हात वर करून म्हणाला, "पप्पा, मला!"

दाजींनी त्याला उचलून खांद्यावर घेतले. मी विहिरीत पाहायचे सोडून त्या दोघांकडेच पाहत होतो. मारुतीवाला खिडकीबाहेर अर्धा लोंबकळत लोकांच्या हातांतल्या नोटा टिपत होता. दाजींचे लक्ष नोटांकडे नव्हते. ते स्टिअरिंगकडे पाहत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "बिचारा दिवसभर गोल गोल फिरतोय पोटासाठी. मी निदान पुढं तरी जातोय."

त्यानंतर धाकटा खांद्यावरून उतरलाच नाही. उतरला तो फक्त चकरीच्या गाड्यांत बसायला. त्यातही त्याने ट्रकच निवडला. दाजी कठड्याला धरून प्रत्येक फेरीला ओरडत होते, "आरसा बघ! मागं बघ, मागनं कोण येतंय!" आजूबाजूचे बाप मोबाइलवर फोटो काढीत होते, आमचे दाजी मुलाला ओव्हरटेक शिकवीत होते.

दारूकामाला आठचा सुमार होणार होता. आम्ही मैदानाच्या कडेला सतरंजी टाकली. भजी, चिरमुरे, उसाचे करवे असे सारे मध्ये मांडले. थोरलीने जागा नेमून दिल्या: पप्पा मध्ये, ती उजवीकडे, धाकटा मांडीवर. दोन दिवसांपासून तिचे एकच चालले होते, की मोठ्ठा उडाला की पप्पांना आधी मी दाखवणार. चेन्नईला फोन करून तिने ते वदवूनही घेतले होते.

पहिला बाण वर गेला, फुटला, सगळ्या मैदानाने "हो" केले. थोरली वळली, "पप्पा, बघा की!"

दाजी झोपले होते. बसल्या बसल्याच, मान छातीवर टाकून. धाकटा मांडीवर, त्याच्या पोटावर त्यांचा हात. वर लाल-हिरवी झाडे फुटत होती, कानठळ्या बसत होत्या, त्यांची पापणी हलत नव्हती. सहाशे किलोमीटर न झोपणारा माणूस त्या गलक्यात झोपला होता.

मी त्यांच्या खांद्याला हात लावणार तोच अक्काने माझे मनगट धरले. "राहू दे," ती म्हणाली. "रात्री हायवेला डोळा लागण्यापरीस हितं लागू दे."

तिने ते अगदी साध्या आवाजात सांगितले, भाजीत मीठ आहे असे सांगावे तसे. थोरलीने ते ऐकले. तिचे ओठ एकदा थरथरले. मग ती आकाशाकडे तोंड करून बसली, आणि पुढचा सगळा वेळ, मोठ्ठा उडाला तेव्हाही, तिने तोंडातून शब्द काढला नाही. मधून मधून फक्त बापाच्या कानावर तिने आपला तळवा ठेवलेला मी पाहिला.

घरी आल्यावर दाजी खजील झाले होते. "जरा डोळा लागला वाटतं," म्हणाले. "पण बघितलं मी बरंच." कोणी काही बोलले नाही. अक्काने भाकरी, शेंगाचटणी बांधली. बाराला पाच कमी असताना चपला घालून ते उंबऱ्याच्या आत उभे होते आणि घड्याळाकडे पाहत होते. काटे जुळले. ते निघाले. अक्काने कॅलेंडरवर फुली मारली आणि दार लावून घेतले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बंगळूरहून फोन आला. मी अजून तिथेच होतो. थोरलीने फोन कर्ण्यावर टाकला.

"पप्पा, दारूकामातला तो मोर बघितला का तुम्ही? शेवटचा?"

मोर नव्हता. मी सबंध दारूकाम पाहिले होते. मोर कुठेच नव्हता.

"बघितला की," दाजी म्हणाले. "लई भारी."

थोरलीने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलेन अशी तिला भीती वाटली असावी. तिने ओठांवर बोट ठेवले.

"आणि पिसारा केवढा होता पप्पा!"

"केवढा!" दाजी म्हणाले. मागे कुठल्या तरी गाडीचा हॉर्न वाजला. "पार किल्ल्यापर्यंत गेला की गं."

"हां," ती म्हणाली, "किल्ल्यापर्यंत."